उभं राहायचं ते कोणासाठी?

१ मार्च १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट याल्टाच्या परिषदेचा वृत्तान्त सांगायला काँग्रेसपुढे आले आणि बसून बोलले. बसल्याबद्दल त्यांनी सुरुवातीलाच सदस्यांची माफी मागितली. पायांवर दहा पौंड पोलाद वागवावं लागत नाही, तेवढंच सोपं जातं, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे पाय गेले होते. पोलिओ, असं तेव्हाचं निदान. त्यानंतर हा माणूस गव्हर्नर झाला, अध्यक्षपदाच्या चार निवडणुका जिंकला आणि जाहीर भाषणाची वेळ आली की गुडघ्याशी कुलूप लागणारे पोलादी कॅलिपर चढवून, एका हातात काठी धरून, दुसरा हात मुलाच्या नाहीतर मदतनिसाच्या दंडात अडकवून उभा राहिला. १९३६ साली फिलाडेल्फियाच्या सभेत ते कुलूप निसटलं आणि अध्यक्ष खाली कोसळले. सोबतच्यांनी झटपट उचललं, कपडे झटकले, पुन्हा उभं केलं. भाषण झालं.

हा सगळा खटाटोप मतदारांसाठी होता. बसलेल्या माणसाच्या हाती देश द्यायला लोक कचरतील, हे रूझवेल्ट ओळखून होते, आणि त्यांचा अंदाज चुकीचा होता असं म्हणायला जागा नाही. फक्त त्या दहा पौंड पोलादाचा त्यांच्या स्वतःच्या शरीराला काय उपयोग होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उभं राहण्याचा हिशेब बघणाऱ्यांच्या वहीत मांडला जात होता.

आपल्याकडच्या स्टँडिंग फ्रेमचं नव्वद टक्के दुखणं हेच आहे, असं माझं मत आहे. (नव्वद हा आकडा माझ्या रागाचा, मोजणीचा नव्हे.)

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. स्वतःच्या बळावर उभं राहता न येणाऱ्या माणसाला आधार देऊन उभं ठेवणारी ही चौकट. खाली टाचा अडकवायच्या जागा, गुडघ्यांपुढे फोमच्या गाद्या, कंबरेला रुंद पट्टा, गरजेप्रमाणे छातीला आणखी एक, आणि पुढ्यात ट्रे. काही फ्रेम किंचित पुढे झुकवतात, काही मागे रेलतात. मोठ्या माणसांसाठी दवाखान्यात टिल्ट टेबल असतं, म्हणजे आडवं झोपवून पट्टे बांधायचे आणि फळी हळूहळू उभी करत न्यायची. हायड्रॉलिक पंपाच्या परदेशी फ्रेमची किंमत लाखांत जाते. प्लायवूड, फोम आणि रेक्झिन वापरून गल्लीतला सुतार काही हजारांत बनवून देतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेली मुलं, मणक्याला इजा झालेली माणसं, स्नायूंचे आजार असलेले, पक्षाघातातून उठणारे, असे नाना प्रकारचे लोक ती वापरतात. सगळ्यांच्या गरजा मात्र एक नाहीत.

घरात फ्रेम येते ती एका न बोललेल्या वचनासह. आज उभा राहिला, उद्या चालेल. फिजिओ हे वचन शब्दांत देत नाहीत. पण ते खोडूनही काढत नाहीत. 'प्रयत्न करत राहू या' एवढंच म्हणतात. वास्तविक कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींची पाच पायऱ्यांची प्रतवारी तयार केली आणि पुढे शेकडो मुलांचा पाठपुरावा करून वाढीचे आलेखही काढले. त्यातून दिसतं की हालचालींची बहुतेक क्षमता वयाच्या पाचेक वर्षांपर्यंत हाती आलेली असते, आणि सर्वांत तीव्र गटातल्या मुलांत तर त्याही आधी. म्हणजे आठ वर्षांचं, चौथ्या-पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र पायऱ्यांवरचं मूल फ्रेममध्ये कितीही निष्ठेने उभं केलं तरी त्यातून स्वतंत्रपणे चालणारं मूल निघणार नाही. ही प्रतवारी आपल्याकडचे फिजिओही रोज वापरतात, फायलीवर रोमन आकडा लिहितात. तो आकडा आईला समजावून सांगायची वेळ आली की मात्र बोलणं दुसरीकडे वळतं.

मग वर्ष-दोन वर्षं जातात, चालणं येत नाही, आणि फ्रेम बाल्कनीत जाते. तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. मुलाला तिने काही दिलंच नाही म्हणून ती बाहेर गेलेली नसते. जे देण्याबद्दल तिची ख्याती होती ते तिच्याकडे कधी नव्हतंच.

खरोखर तिच्याकडे काय आहे, ते नीट पाहिलं पाहिजे, कारण तिची बाजू घेणारेही फार ढोबळ बोलतात. 'हाडं मजबूत होतात' हे वाक्य प्रत्येक थेरपी केंद्रात ऐकू येतं. हाडावर भार पडला की ते स्वतःला भक्कम करतं आणि भार गेला की झिजतं, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातलं वस्तुमान महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतं, ते याच कारणाने. मणक्याच्या इजेनंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत पायांच्या हाडांची झीज सर्वाधिक होते, आणि मग पलंगावरून खुर्चीत घेताना साधा पाय मुरगळला तरी मांडीचं हाड मोडतं. इथवर सगळं फ्रेमच्या बाजूचं आहे. पण ब्रिटनमध्ये चालता न येणाऱ्या २६ मुलांवर एक चाचणी झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांची उभं राहण्याची वेळ नऊ महिने दीडपट केली. त्यांच्या मणक्याच्या हाडाची घनता साधारण सहा टक्क्यांनी सुधारली. नडगीच्या हाडात फरक दिसला नाही. आणि या मुलांची हाडं मोडतात ती बहुधा पायांतली! पट्ट्यांनी बांधून स्तब्ध उभं राहण्यात हाडाला चालण्याचे ते हलते, उलटसुलट हिसके मिळत नाहीत, हे त्यामागचं एक कारण असावं. तेव्हा 'हाडं मजबूत होतात' हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं सांगून एका बाईकडून रोजचा तास मागून घेणं मला पटत नाही.

खुब्याची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. सेरेब्रल पाल्सीच्या बाळाचा खुबा जन्मतः बहुधा ठीक असतो. मांड्यांच्या आतल्या बाजूचे ताठर स्नायू पाय सतत एकमेकांकडे ओढत राहतात आणि वर्षानुवर्षांच्या त्या ओढीने मांडीच्या हाडाचा गोळा वाटीतून सरकू लागतो. अशा तीन मुलांतल्या साधारण एकाचा खुबा कमी-अधिक सरकतो. न चालणाऱ्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त. म्हणूनच पाय फाकवून उभं करणाऱ्या फ्रेम निघाल्या. या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २०१३ साली मात्रा सुचवण्यात आल्या: आठवड्यातून पाच दिवस, खुब्यासाठी रोज साठ मिनिटं, दोन्ही पायांत मिळून तीस ते साठ अंशांचं अंतर, हाडांसाठी साठ ते नव्वद मिनिटं, ताठरपणासाठी तीस ते पंचेचाळीस. पुरावा अजून पातळच आहे. तरीही औषधासारखी मात्रा ठरवायची गोष्ट आहे, एवढं तरी त्यातून कळतं. आपल्याकडे 'रोज थोडा वेळ उभा करा' असं सांगतात. थोडा म्हणजे किती, पाय किती अंतरावर, कशासाठी? चिठ्ठीवर यातलं काही नसतं.

बाकीचे लाभ साधे आहेत, पण ज्याला होतात त्याला ते मोठे वाटतात. पोट साफ होतं. पायांचे झटके काही तास निवतात. दिवसभर ज्या बुडावर भार असतो त्याला पूर्ण मोकळीक मिळते. दाबाने होणाऱ्या जखमांनी, म्हणजे बेडसोरने, मणक्याचे रुग्ण एके काळी पटापट दगावत. १९४४ साली इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिलमध्ये लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली, तेव्हापासून हे मरण टळू लागलं. आपल्याकडे खडकीला लष्करी जवानांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथल्या माणसांना बुडाची निगा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

धोकेही आहेत, ते दडपू नयेत. आडवं असलेलं शरीर एकदम उभं केलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली उतरतं. निरोगी माणसाच्या नसा आवळून ते सावरतात, पोटऱ्या ते वर ढकलतात. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्याची ही सोयच बंद पडलेली असते. डोळ्यांपुढे अंधारी येते, शुद्ध जाते. म्हणून टिल्ट टेबलवर आधी थोडा कोन, मग आणखी थोडा, असे दिवस घालवतात. दहा वर्षं बसून असलेल्या माणसाला एक्स-रे न काढता उत्साहाने उभं करणं म्हणजे मोडायला टेकलेल्या हाडावर भार टाकणं. जिथे संवेदना नाही तिथे पट्टा काचला तरी सांगणार कोण? ही घरगुती उपायातली वस्तू नव्हे.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. तो माझ्या मते जास्त वजनदार आहे. अपंगत्वाच्या चळवळीतले ब्रिटिश अभ्यासक माइक ऑलिव्हर स्वतः तरुणपणी मान मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत होते. १९९३ साली ग्रीनिच विद्यापीठात प्राध्यापक म्हणून पहिलं जाहीर व्याख्यान देताना त्यांनी विषयच असा निवडला: चालण्यात एवढं विशेष काय आहे? समाजाने दोन पायांच्या चालीला माणूसपणाचं माप करून टाकलं आणि ज्यांना ती जमत नाही त्यांचं आयुष्य थेरपीत खर्ची घातलं, हा त्यांचा रोख. २००० च्या जानेवारीत अमेरिकेत फुटबॉलच्या अंतिम सामन्यात एक जाहिरात दाखवली. तिच्यात मान मोडलेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह संगणकाच्या करामतीने उठून चालताना दिसले, आणि हा इलाज कुठे मिळतो म्हणून लोकांनी फोन लावले. ऑलिव्हर यांना काय म्हणायचं होतं हे त्या फोनवरून समजतं. आपल्याकडे नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था १९८४ साली उभारली ती चाकाच्या खुर्चीतूनच, आणि आत्मचरित्रालाही खुर्चीचंच नाव दिलं. त्यांच्या कामात उभं न राहिल्याने काही कमी पडलं असं कोणी म्हणणार नाही.

या आक्षेपाचा बराचसा भाग मी मान्य करते. मोठ्या माणसाने सगळं समजून घेऊन 'मला उभं राहायचं नाही' म्हटलं तर तिथे विषय संपला पाहिजे. पण आक्षेप आहे तो चालण्याच्या पूजेवर. फ्रेमला त्या पूजेतून सोडवलं तर ती काय उरते? दिवसातला एक तास शरीराला वेगळ्या स्थितीत ठेवणारं साधन, बस. तो तास त्या माणसाचा आहे, आणि त्या तासात त्याच्यासमोर काय असतं हे मिनिटांच्या मोजणीइतकंच महत्त्वाचं आहे. आमची गाडी अडते ती इथे.

आमच्या नात्यातल्या एका मुलीला उभं करताना मी अनेकदा पाहिलं आहे. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. आधी पायांत एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा साचा, त्याचे वेल्क्रो. मग तिला काखेत धरून फ्रेमशी न्यायचं. डावी टाच हटकून वर उचलली जायची. घाईने दाबली की पाय आणखी ताठ व्हायचा. म्हणून तिची आई तळवा पावलावर नुसता ठेवून थांबायची, ताठा ओसरल्याचं हाताला कळलं की मग टाच खाली बसवून पट्टा ओढायची. गुडघ्याच्या गाद्या, मग कंबरेचा पट्टा. हा सैल राहिला तर मूल पायांवर उभं राहतच नाही, छातीच्या पट्ट्याला लोंबकळतं. या सगळ्याला दहा-बारा मिनिटं. आजी मागून म्हणायची, "अगं, जरा सैल कर, रुतत असेल पोरीला." आणि आई म्हणायची, "सैल केला तर उपयोग नाही हो आई."

एवढं करून फ्रेमचं तोंड भिंतीकडे. कारण भिंतीला टेकवली की ती हलत नाही. समोर कॅलेंडर, आणि घरातले बाकी सगळे पाठीमागे. त्या घरात जेवणखाण, अभ्यास, गप्पा सगळं जमिनीवर बसून चालायचं. म्हणजे उभी केलेली मुलगी सगळ्यांच्या डोक्यावरून, त्यांच्याकडे पाठ करून, चाळीस मिनिटं तारखांकडे बघत असे. ती रडायची. फिजिओचं म्हणणं, सवय होईल. झालीही, ती रडायची थांबली, एवढाच त्या सवयीचा अर्थ.

फ्रेम हलवली तिच्या मावशीने, चार दिवस राहायला आली असताना, आणि तेही केर काढायला अडचण होत होती म्हणून. ती ओट्याला लावून ठेवली. सकाळी घरात उभं राहून होणारं काम म्हणजे ओट्यावरचं. पोरीच्या ट्रेवर मटाराच्या शेंगा टाकल्या. तिचा उजवा हात बरा चालतो. निम्मे दाणे खाली, काही तोंडात, आणि चहाचं पातेलं उतू चाललेलं सर्वांत आधी तिला दिसलं, ती ओरडली. त्या दिवशी पाऊण तास कसा गेला हे कोणाला कळलं नाही. पायांचा कोन तोच होता, पट्टे तेच, मात्राही तीच.

परदेशात ही अडचण याच रूपात येत नसावी, कारण तिथलं घर टेबलाच्या उंचीवर चालतं. आपलं बरंचसं घर जमिनीवर चालतं. म्हणून फ्रेमची वेळ आणि जागा आपल्याला निराळी शोधावी लागते: ओट्याशी, दुकानाच्या फळीशी, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात त्या ओसरीच्या कडेला. जयपूर फूटच्या वेळी हे आपण एकदा केलेलं आहे. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा पाय घडवला, तो आपली माणसं अनवाणी चालतात, उकिडवी बसतात, मांडी घालतात, चिखलात उतरतात हे धरून. बुटात घालायचा परदेशी पाय इथे निरुपयोगी ठरत होता. स्टँडिंग फ्रेमबद्दल असा विचार अजून झालेला दिसत नाही. छोट्या चाकांची फ्रेम शहाबादी फरशीच्या सांध्यात अडते आणि उंबरठ्यापाशी हात टेकते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनातून पूर्वी मिळालेल्या २२५ चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसं राहत असतील, तर फ्रेमला द्यायची जागा म्हणजे एका माणसाची झोपायची जागा. आयआयटी मद्रासने २०१९ मध्ये 'अराइज' ही उभी होणारी चाकाची खुर्ची बाजारात आणायची सोय केली, सुमारे पंधरा हजार रुपयांत. तिचं मला अप्रूप वाटतं ते किमतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं. बसायची आणि उभं राहायची वस्तू एकच, त्यामुळे माणसाला उचलून दुसरीकडे न्यायला नको, आणि हात चालत असतील तर कधी उभं राहायचं हे तो स्वतः ठरवतो.

उचलण्याचं काम घरात कोण करतं, याचा उल्लेख कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. सहा वर्षांचं मूल पंधरा-सोळा किलोचं असतं. बाराव्या वर्षी ते तीस किलोचं होतं आणि आईची पाठ सहा वर्षांनी जुनी झालेली असते. फ्रेम सुटण्याचं वय बहुतेक घरांत हेच. त्याला 'पालकांची अनास्था' असं नाव देणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्यापैकी कोणी ते मूल उचलून पाहिलं होतं असं वाटलं नाही.

सरकारी बाजू थोडक्यात सांगून टाकते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. अपंगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, शाळेने मुलाला सामावून घ्यायचं कर्तव्यही त्यात आलं. तालुक्याला शिबिर भरतं, मापं घेतली जातात, काही महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात वाटप होतं, फोटो निघतो. मधल्या काळात मुलाचे पाय वाढलेले असतात. अहवालात वाटलेल्या वस्तूंचा आकडा जातो. सहा महिन्यांनी घरी जाऊन फ्रेम वापरात आहे का, बाहेर पडून आहे का, हे बघण्याचं काम कोणाचंच नाही. माझं चाललं तर वाटपाचा आकडा लिहायलाच बंदी घालीन, वापराचा लिहा.

आणि फ्रेम प्रत्येक घरात असायलाच हवी का? मूल वाढतं, ती दोन-तीन वर्षांत तोकडी पडते. गट साधन केंद्रात किंवा शाळेत वेगवेगळ्या मापांच्या चार फ्रेम ठेवल्या आणि मुलं बदलत गेली, तर लाखाची वस्तू दहा मुलांच्या कामी येईल. वर्गात उभं राहून धडा ऐकणं हे घरातल्या भिंतीपुढे उभं राहण्यापेक्षा केव्हाही बरं. उचलायला दोन मोठी माणसं तिथे असतात. विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात, त्यांनी पट्टे तपासावेत. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात मात्र ती ठेवू नये, एवढी एक अट.

मोठ्या माणसांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण त्यांना शाळा नाही. कोकणात आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून पडून कंबरेखालचं शरीर गमावलेली माणसं आहेत, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेली शहरांत आहेत. दवाखान्यात त्यांना दोन-तीन आठवडे टिल्ट टेबलवर उभं करतात आणि घरी पाठवतात. पुढे उभं राहणं नाहीच. असा एखादा माणूस पुढे गावात छोटं दुकान टाकतो. वरच्या फळीवरचं सामान त्याला गिऱ्हाइकाकडूनच काढून घ्यावं लागतं. दुकानाच्या फळीमागे फ्रेम बसवली, तर त्याचा उभं राहण्याचा तास आणि गिऱ्हाइकाची गर्दी एकाच वेळी निभावेल. हाडांची घनता त्याने वाढेल की नाही हे मी सांगू शकत नाही. बुडाच्या जखमा टळतील आणि बिस्किटाचे पुडे त्याच्या हाताला येतील, हे सांगू शकते. त्यासाठी त्याला रोज दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटांसाठी एक धडधाकट माणूस लागेल. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ते अनेकदा मार्चअखेरीस घाईघाईने पाकिटातून वाटले जातात. त्यातून या पंधरा मिनिटांच्या माणसाला मजुरी देता येते का, हा ठराव एखाद्या ग्रामसभेने मांडून पाहायला हरकत नाही.